घरी राहून पदवी पातळीचा अभ्यासक्रम पूर्ण कसा करावा

अमेरिकेतील केंब्रिज शहरातल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने, म्हणजे एमआयटीने (पुण्यातील त्याच आद्याक्षरांची संस्था वेगळी), एप्रिल २००१ मध्ये आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य जगाला विनामूल्य देण्याचा निर्णय जाहीर केला. ओपनकोर्सवेअर या नावाने २००२ मध्ये ५० अभ्यासक्रमांपासून हे काम सुरू झाले आणि २००७ पर्यंत विद्यापीठाचा जवळजवळ संपूर्ण अध्यापनक्रम त्यात आला. आज तेथे अडीच हजारांहून अधिक अभ्यासक्रम आहेत. अभियांत्रिकी, गणित, परकीय भाषा, भाषाविज्ञान, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानवशास्त्र अशा सर्व विद्याशाखांचे पदवी पातळीवरील साहित्य एका ठिकाणी मिळते. ते पाहण्यासाठी प्रवेश घ्यावा लागत नाही, शुल्क भरावे लागत नाही, नावनोंदणीचीही गरज नसते.

जे मिळत नाही तेही आरंभीच नीट समजून घ्यावे. पदवी मिळत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही, प्राध्यापकांना शंका विचारता येत नाही आणि सोडवलेला गृहपाठ कोणी तपासून देत नाही. यांपैकी शेवटची उणीव सर्वांत मोठी आहे. वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याची चूक दर आठवड्याला कोणीतरी त्याच्या नजरेस आणून देते, तर एकट्याने शिकणाऱ्याची चूक महिनोन्महिने तशीच राहू शकते आणि पुढचे सारे शिक्षण तिच्यावरच रचले जाते. म्हणून अभ्यासक्रम निवडतानाच आपले काम तपासले कसे जाणार, याची व्यवस्था ठरवावी. ही व्यवस्था गणितात वेगळी, अभियांत्रिकीत वेगळी, भाषेत वेगळी आणि सामाजिक शास्त्रांत वेगळी असते. मुक्त अभ्यासक्रम अर्ध्यावर सुटतात त्याचे एक मोठे कारण, माझ्या मते, सर्व विषयांसाठी एकच रीत वापरली जाते हे आहे. ती रीत म्हणजे चित्रफीत लावायची आणि पाहत राहायचे.

अभ्यासक्रमाचा क्रमांक कसा वाचावा

एमआयटीत विषयांना नावाइतकेच क्रमांकाने ओळखले जाते. बिंदूच्या आधीचा आकडा विभाग सांगतो: २ म्हणजे यंत्र अभियांत्रिकी, ६ म्हणजे विद्युत अभियांत्रिकी व संगणकशास्त्र, १४ अर्थशास्त्र, १७ राज्यशास्त्र, १८ गणित, २१जी परकीय भाषा, २४ भाषाविज्ञान व तत्त्वज्ञान. क्रमांकाच्या शेवटी ‘एससी’ ही अक्षरे असतील तर तो अभ्यासक्रम स्वतंत्रपणे शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम पुन्हा मांडलेला आहे, असे समजावे. अशा अभ्यासक्रमांत व्याख्याने, टिपणे, प्रश्नसंच आणि उत्तरे योग्य क्रमाने लावलेली असतात, म्हणून पहिला अभ्यासक्रम शक्यतो यांतूनच घ्यावा. इतर अभ्यासक्रमांत काही ठिकाणी केवळ वाचनसूची आणि प्रश्नसंच मिळतात, चित्रफिती नसतात. निवड करण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमात उत्तरांसह प्रश्नसंच आहेत का आणि जुन्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत का, एवढे आवर्जून पाहावे. सुंदर व्याख्याने असलेल्या पण प्रश्नसंच नसलेल्या अभ्यासक्रमापेक्षा साध्या टिपणांचा पण उत्तरांसह प्रश्नसंच देणारा अभ्यासक्रम एकट्या विद्यार्थ्याला अधिक उपयोगी पडतो.

विभाग ६ ने २०२२ मध्ये आपल्या विषयांचे क्रमांक बदलले. पायथनमधून प्रोग्रॅमिंगची ओळख करून देणारा ६.०००१ हा विषय आता तेथे ६.१००ए म्हणून ओळखला जातो आणि अल्गोरिदमचा ६.००६ हा ६.१२१० झाला आहे. ओपनकोर्सवेअरमधील जुनी नोंद मात्र जुन्याच क्रमांकाने सापडते, त्यामुळे दोन्ही क्रमांक टाकून शोध घ्यावा.

किती घ्यावे आणि कोठून सुरुवात करावी

एमआयटीचा बहुतेक पूर्ण विषय १२ युनिटचा असतो आणि एक युनिट म्हणजे सत्रभर आठवड्याला एक तास काम, असा तेथील हिशेब आहे. म्हणजे व्याख्याने, वाचन व गृहपाठ मिळून आठवड्याला १२ तास, आणि सत्र सुमारे १४ आठवड्यांचे. एकूण १६८ तास होतात. नोकरी किंवा महाविद्यालय सांभाळून आठवड्याला सहा तास देणाऱ्याला तोच विषय पुरा करण्यास २८ आठवडे लागतील. हा हिशेब निराश होण्यासाठी मांडलेला नाही. तो माहीत असेल तर कोणी एका वेळी पाच अभ्यासक्रम सुरू करणार नाही. एका वेळी दोनच घ्यावेत, एक आकडेमोडीचा आणि एक वाचनाचा किंवा भाषेचा, कारण दमलेल्या संध्याकाळी प्रश्नसंच पुढे सरकत नाही तेव्हा दुसऱ्या प्रकारचे काम सहसा होऊ शकते.

विद्याशाखा अशा मिसळाव्यात की नाही, याविषयी आपल्याकडे अनेकांच्या मनात शंका असते. एमआयटीत अभियंता होऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पदवीसाठी मानव्यविद्या, कला व सामाजिक शास्त्रे या गटातील आठ विषय पूर्ण करावे लागतात आणि तेथील भाषेच्या विद्यार्थ्यालाही कॅल्क्युलस व भौतिकशास्त्रातून सुटका नसते. तेव्हा रेषीय बीजगणितासोबत अर्थशास्त्र घेणे ही तेथे रोजची गोष्ट आहे.

पूर्वतयारीची अट गंभीरपणे घ्यावी. गणितात १८.०१ हा एका चलाच्या कॅल्क्युलसचा विषय, त्यानंतर १८.०२ अनेक चलांचा आणि १८.०३ अवकल समीकरणांचा, अशी साखळी आहे. महाराष्ट्र मंडळाची बारावी विज्ञान शाखेतून गणित घेऊन उत्तीर्ण झालेल्यांना १८.०१ मधील बराच भाग ओळखीचा वाटेल. मात्र ओळखीचे वाटणे आणि येणे यांतील अंतर मोजण्यासाठी प्रथम त्या विषयाची अंतिम परीक्षा घड्याळ लावून सोडवून पाहावी. निम्म्याहून अधिक प्रश्न नीट सुटले तर १८.०२ कडे वळावे, अन्यथा १८.०१ पासून सुरुवात करावी. कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ६.०००१ खुला आहे, कारण त्यासाठी प्रोग्रॅमिंगची पूर्वओळख लागत नाही. भाषाविज्ञानाचा २४.९०० हाही तसाच. सूक्ष्म अर्थशास्त्राच्या १४.०१ साठी साधे विकलन येत असणे सोयीचे पडते.

गणित: वही, पेन आणि झाकून ठेवलेली उत्तरे

उदाहरणासाठी १८.०६ हा रेषीय बीजगणिताचा विषय घेतो. प्रा. गिल्बर्ट स्ट्रँग यांची १९९९ मध्ये ध्वनिचित्रित झालेली व्याख्याने जगभर पाहिली गेली आहेत. २०२३ मध्ये ते अध्यापनातून निवृत्त झाले, तरी या विषयाची सुरुवात करण्यास आजही याहून चांगली जागा मला माहीत नाही. औपचारिक पूर्वअट १८.०२ ची असली तरी या विषयात कॅल्क्युलस फारच थोडे लागते.

पहिल्याच व्याख्यानात २x − y = ० आणि −x + २y = ३ ही दोन समीकरणे येतात. आपल्या दहावीच्या पुस्तकात दोन चलांतील रेषीय समीकरणे आलेखाने व निश्चयकाने सोडवलेली असतात, त्यामुळे दोन रेषा (१, २) या बिंदूत छेदतात हे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यालाही लगेच दिसते. त्यानंतर तीच समीकरणे स्तंभांच्या दृष्टीने पाहिली जातात: (२, −१) हा सदिश (व्हेक्टर) किती वेळा आणि (−१, २) हा सदिश किती वेळा घेतला म्हणजे बेरीज (०, ३) येईल? पहिला एकदा, दुसरा दोनदा. उत्तर तेच आहे, परंतु प्रश्न बदलला आहे, आणि पुढील सर्व विषय या दुसऱ्या प्रश्नावर उभा आहे. येथे चित्रफीत थांबवून दोन्ही आकृत्या स्वतःच्या हाताने काढाव्यात आणि मग उजव्या बाजूचे (०, ३) बदलून वाटेल तो सदिश मिळवता येईल का, हे स्वतः तपासावे. व्याख्यानात पुढे हाच प्रश्न विचारला जातो. तो आपण आधी सोडवलेला असेल तर ते व्याख्यान ऐकण्याला निराळाच अर्थ येतो.

प्रश्नसंचाची शिस्त अशी ठेवावी. प्रत्येक प्रश्नाला किमान अर्धा तास द्यावा आणि उत्तर न आले तरी काय केले, कोठे अडले, हे वहीत पूर्ण वाक्यांत लिहावे. उत्तरे दुसऱ्या दिवसापर्यंत उघडू नयेत. तपासताना आकडेमोडीची चूक, प्रश्न चुकीचा वाचल्याची चूक आणि संकल्पनेची चूक अशा तीन निरनिराळ्या खुणा कराव्यात, कारण पहिल्या दोन सरावाने कमी होतात आणि तिसरीसाठी व्याख्यान पुन्हा पाहावे लागते. चुकलेले प्रश्न आठवड्याने उत्तर न पाहता परत सोडवावेत. आपले उत्तर छापील उत्तरापेक्षा वेगळ्या मार्गाने आलेले असेल तर तेवढ्यावरून ते चुकीचे ठरवू नये, मात्र आपल्या मार्गातील प्रत्येक पायरीचे कारण लिहिता येते का ते पाहावे. कारण लिहिता न आलेली पायरी बहुधा अंदाजाने टाकलेली असते. सत्रातील जुन्या चाचण्या ठरलेल्या वेळेतच, पुस्तक बंद ठेवून द्याव्यात.

इंग्रजी संज्ञांमुळे अडणाऱ्यांनी मराठी विश्वकोशातील संबंधित नोंद आधी वाचावी. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला हा कोश आता महाजालावर विनामूल्य आहे आणि त्यातील गणित, भौतिकी व अर्थशास्त्राच्या अनेक नोंदी पदवी पातळीच्या वाचकाला पुरतील इतक्या भरीव आहेत. संकल्पना मातृभाषेत एकदा कळली की इंग्रजी व्याख्यानाचा वेग झेपतो.

अभियांत्रिकी: बांधून पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये

६.००२ हा परिपथ व इलेक्ट्रॉनिक्सचा विषय ओपनकोर्सवेअरवर प्रा. अनंत अगरवाल यांच्या व्याख्यानांसह आहे. २०१२ मध्ये एमआयटीने आपला पहिला जाहीर ऑनलाइन अभ्यासक्रम चालवला तो याच विषयाचा होता. येथे तपासनीस म्हणजे प्रत्यक्ष परिपथ. प्रत्येक प्रकरणातील एखादा परिपथ कागदावर सोडवावा, मुंबई आयआयटीच्या फॉसी प्रकल्पातील ई-सिम या परिपथांच्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालवून पाहावा आणि मग ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न देता सुटे भाग जोडण्याच्या पाटीवर, जोडावा. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सुटे भाग सहज मिळतात. १०० किलोओहमचा रेझिस्टर, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ९ व्होल्टची बॅटरी एकसर जोडल्यास कालांक १० सेकंदांचा येतो, म्हणजे रिकाम्या कपॅसिटरवरील दाब १० सेकंदांत सुमारे ५.७ व्होल्टपर्यंत चढला पाहिजे. साधा मल्टिमीटर आणि मोबाइलमधील घड्याळ एवढ्यावर हे मोजता येते. आकडा थोडा वेगळा आला तर कपॅसिटरच्या किमतीत असणारी तफावत हे त्याचे नेहमीचे कारण असते, आणि ते शोधून काढणे हाच अभ्यासाचा भाग आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जोडताना धन व ऋण टोके उलट होऊ देऊ नयेत. घरातील विजेच्या जोडणीवर यांपैकी कोणताही प्रयोग करू नये.

प्रोग्रॅमिंगच्या विषयात हेच काम संगणक करतो, पण तेथेही प्रोग्रॅम चालला म्हणजे तो बरोबर आहे, असे धरू नये. रिकामी यादी, ऋण संख्या, एकच घटक अशा टोकाच्या चाचण्या प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वीच लिहून ठेवाव्यात. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात अनेक सॉफ्टवेअरचे धडे मराठी निवेदनासह आहेत, त्यांनी सुरुवातीची भीती पुष्कळ कमी होते.

भाषा: ऐकणारा माणूस हवाच

भाषेच्या बाबतीत ओपनकोर्सवेअरची मर्यादा सर्वांत अधिक जाणवते. तेथील भाषेच्या वर्गात बहुतेक वेळ बोलण्यात जातो आणि ते बोलणे साहित्यात उतरत नाही. तरीही २१जी.१०१ या प्राथमिक चिनीच्या विषयासोबत ध्वनिफिती व भरपूर पाठ दिलेले आहेत आणि ते रोज अर्धा तास वापरल्यास पाया चांगला होतो. आठवड्यातून एकदा साडेतीन तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास भाषेत कितीतरी अधिक फळ देतो.

मराठी भाषकाने येथे रोमन अक्षरांवर विसंबू नये. चिनीच्या रोमन लिपीत बी, डी, जी या अक्षरांनी दाखवलेले ध्वनी प्रत्यक्षात आपल्या प, त, क यांच्या जवळचे आहेत आणि पी, टी, के यांनी दाखवलेले ध्वनी महाप्राण, म्हणजे ओठ मिटून उच्चारलेल्या फ च्या आणि थ, ख यांच्या जवळचे आहेत. अल्पप्राण व महाप्राण यांतला हा भेद आपल्याला लहानपणापासून अवगत असतो. झेड या अक्षराचा चिनी ध्वनी ‘चाक’ मधील च सारखा आहे, आणि जर्मनमध्येही झेडचा उच्चार तसाच होतो. म्हणून उच्चारांची टिपणे देवनागरीत ठेवावीत. चिनीतील सूर मात्र आपल्याकडे नाहीत, त्यासाठी स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून मूळ ध्वनिफितीशेजारी ऐकावा.

एवढे करूनही ऐकणारे माणूस लागतेच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, मॅक्स म्युलर भवन, आलियाँस फ्रान्सेज अशा ठिकाणी वर्ग चालतात. तेथे प्रवेश घेणे शक्य असल्यास मुक्त साहित्य सरावासाठी वापरावे. लहान गावातील विद्यार्थ्याने निदान एक सहाध्यायी शोधून आठवड्यातून दोनदा दूरध्वनीवर ठरलेल्या विषयावर त्याच भाषेत बोलावे.

भाषाविज्ञानाच्या २४.९०० विषयी मला विशेष आस्था आहे, कारण त्यासाठी लागणारी सामग्री आपल्या घरातच असते. इंग्रजी उदाहरणांवरील प्रश्न सोडवून झाले की तोच प्रश्न मराठीला विचारावा. ‘तो आंबा खातो’ यात क्रियापद ‘तो’ प्रमाणे बदलते, मग ‘त्याने चिंच खाल्ली’ यात ते चिंचेप्रमाणे का बदलते? ऐकणाऱ्याला धरून असलेला ‘आपण’ आणि त्याला वगळणारा ‘आम्ही’ हा भेद इंग्रजीत का सापडत नाही? मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या नातेवाइकांकडून वीस वाक्ये लिहून घेऊन त्यांची मांडणी करणे हा या विषयातील कोणत्याही गृहपाठाच्या तोडीचा गृहपाठ आहे.

सामाजिक शास्त्रे: लिहावे आणि दुसऱ्याला वाचायला द्यावे

अर्थशास्त्रातील १४.७३ हा जागतिक दारिद्र्यावरील विषय प्रा. अभिजित बॅनर्जी आणि प्रा. एस्थर डफ्लो यांनी शिकवलेला आहे. दोघांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई, अर्थतज्ज्ञ निर्मला बॅनर्जी, या माहेरच्या पाटणकर. अत्यल्प उत्पन्नात माणसे कशी जगतात, दुष्काळातील उपासमार टाळता येते का, असे प्रश्न या विषयात येतात. महाराष्ट्रातील वाचकाने ते १९७२ च्या दुष्काळाशी आणि त्यातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेशी ताडून पाहावेत. राज्य शासन दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ मराठीतही प्रसिद्ध करते. तिच्यातील आपल्या जिल्ह्याचे आकडे शेजारी ठेवून व्याख्यान ऐकल्यास विषय परका राहत नाही.

अशा विषयांत उत्तरपत्रिका नसते. म्हणून दर आठवड्याला पाचशे शब्दांचे टिपण लिहावे: लेखकाचे म्हणणे काय, त्याने पुरावा कोणता दिला आणि कोणती गोष्ट आढळली तर त्याचे म्हणणे खोटे ठरेल. तिघांचा गट करून टिपणे अदलाबदल करावीत. वाचणाऱ्याने त्या टिपणाचा मुख्य मुद्दा एका वाक्यात लिहून द्यावा. लिहिणाऱ्याच्या मनातील मुद्दा आणि ते वाक्य जुळले नाही तर टिपण पुन्हा लिहावे. मराठीत लिहिण्यास काहीच हरकत नाही, उलट उसन्या वाक्यरचनेमागे लपलेले अज्ञान मराठीत लवकर उघडे पडते. वाचनसूचीतील सर्व पुस्तके विनामूल्य मिळत नाहीत. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एन-लिस्टची, म्हणजे महाविद्यालयांना ई-पुस्तके व नियतकालिके पुरवणाऱ्या योजनेची, सोय आहे का ते विचारावे आणि खरगपूर आयआयटीने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातही शोधावे.

श्रेयांक (क्रेडिट) हवे असतील तर

ज्यांना गुणपत्रिकेवर नोंद हवी आहे त्यांनी एमआयटीचे साहित्य तयारीसाठी वापरून नोंदणी मात्र स्वयम् या भारत सरकारच्या मंचावर करावी. सात आयआयटी आणि बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून चालवलेल्या एनपीटेलचे अभ्यासक्रम त्यात जानेवारी व जुलै अशा दोन सत्रांत असतात. त्यांत अभियांत्रिकी व गणिताबरोबर मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रेही आहेत. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला साधारणपणे तीन श्रेयांक, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला दोन आणि चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला एक श्रेयांक धरला जातो. साप्ताहिक गृहपाठाला २५ गुण आणि केंद्रावर जाऊन द्यावयाच्या परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण हवेत. शिकण्यासाठी शुल्क नाही, परीक्षेसाठी आहे आणि परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते. ती तारीख चुकल्यास पूर्ण केलेला गृहपाठही प्रमाणपत्रासाठी उपयोगी पडत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् वरून घेण्यास महाविद्यालय परवानगी देऊ शकते. पण कोणता विषय कशाऐवजी चालेल, हे ठरवणे महाविद्यालयाच्या हाती असते. म्हणून नोंदणीपूर्वी विभागप्रमुखांकडून त्या विषयाचे नाव, श्रेयांक आणि आपल्या अभ्यासक्रमातील ज्या विषयाची जागा तो घेणार आहे त्याचे नाव लेखी घ्यावे, अर्जाची पोच जवळ ठेवावी आणि निकाल लागल्यावर तो अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या श्रेयांक साठवणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेतील आपल्या खात्यात जमा झाला की नाही ते स्वतः पाहावे.